रोबोट, लिव्हर आणि आपण

मांजर्लीत सध्या ज्याच्या घरी लिव्हरचा कॅन्सर निघतो, त्याला कोणी ना कोणी सांगतंच, 'रोबोटकडून ऑपरेशन करून घ्या.' ऐकायला बरं वाटतं. पण ऑपरेशन रोबोट करत नाही, सर्जनच करतो. तो रुग्णापासून थोडा दूर बसून पडद्यावर पाहत हात हलवतो, यंत्राचे हात पोटातल्या बारीक छिद्रांतून तसेच हलतात. सर्जनच्या हाताचा कंप त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मोठा छेद नसल्यानं दुखणं कमी, घरीही लवकर. अमेरिकेनं 'दा विंची' यंत्राला २००० साली परवानगी दिली.

मात्र कॅन्सर लिव्हरच्या मोठ्या रक्तवाहिनीत किंवा फुप्फुसात गेला असेल, तर सहसा छिद्र लहान की छेद मोठा हा प्रश्नच उरत नाही. तिथे औषधं आधी येतात. गाठ त्यांनी आटली, तर कधी कधी ऑपरेशनचा विचार पुन्हा होतो. म्हणून दागिने मोडण्याआधी बदलापूरहून लोकल धरून परळचं टाटा हॉस्पिटल गाठावं, सगळे रिपोर्ट दाखवावेत आणि 'ऑपरेशन होण्याजोगं आहे का?' हे आधी विचारावं. विमा असेल तर रोबोटिक सर्जरीची मर्यादा किती, तेही वाचावं. २०१९च्या नियमांनुसार कंपनीला हा उपचार पूर्ण नाकारता येत नाही, पण रकमेवर टोपी घालता येते.

आपल्या घरांत एक वाक्य नेहमी ऐकू येतं: 'अब्बांनी दारूला कधी हात लावला नाही, मग लिव्हर कसं गेलं?' दारूशिवायही जातं. हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षं गुपचूप राहतात. मधुमेह आणि लिव्हरवरची चरबीही आहेच. रक्तातून पसरणारा हा विषाणू आपल्याकडे कुठून शिरतो? न्हाव्याचा वापरलेला वस्तरा, हिजामाचं जुनं पातं, खतन्याची न उकळलेली हत्यारं. पातं आपल्यासमोर नवं फोडायला सांगण्यात कसली आली बेअदबी?

घरात एकाला बी निघाला तर सगळ्यांनी रक्त तपासावं. विषाणूमुळे लिव्हर आकसलेलं असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ लहान असताना सापडली तरच त्या रोबोटचा उपयोग. २०१८पासून सरकारी कार्यक्रमात बी आणि सीची औषधं मोफत मिळतात. आणि प्रसूतीनंतर बाळाच्या कानात अजान दिली की नर्सला विचारा, हिपॅटायटिस बीची सुई चोवीस तासांच्या आत दिली का.