केबिन आपली, गारवा सगळ्यांचा

ऑफिसातल्या एसीच्या रिमोटवरून होणारी महायुद्धं आपल्याला नवीन नाहीत. एकाला घाम फुटतो, दुसरी शाल पांघरून बसते. म्हणूनच क्रूझच्या केबिनमध्ये स्वतःचा थर्मोस्टॅट दिसला की जीव सुखावतो. चला, इथे तरी आपलं राज्य! पण मर्चंट नेव्हीतल्या माझ्या इंजिनीअर मित्राने त्यातली हवाच काढून घेतली. म्हणाला, 'अरे, त्या बटणाने थंडी तयार होत नाही. तिची फक्त वाटणी होते.'

फंडा असा. थंडावा तयार होतो खाली, चिलर प्लांटमध्ये. तिथली उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडली जाते आणि गार झालेलं पाणी पाइपांमधून जहाजभर फिरतं. त्यावरून नेलेली हवा थंड होते, तिचा दमटपणा गळतो आणि डक्टमधून ती केबिनींकडे निघते. सगळ्यांना सारखीच!

मग माझे २४ आणि तुमचे २० अंश कसे जमतात? कुठे केबिनच्या छतातली झडप हवा कमी-जास्त सोडते. कुठे हवा तेवढीच, पण आत शिरण्याआधी छोटा हीटर तिला कोमट करतो. म्हणजे आधी इंधन जाळून गार करा, मग पुन्हा वीज खर्चून गरम करा! आणि कुठे केबिनमध्येच छोटा पंखा आणि गार पाण्याची कॉइल असते. डक्टमधून येते ती फक्त ताजी हवा. ती पूर्ण बंद करून चालत नाही. आयएसओ ७५४७ या मानकानुसार माणशी सेकंदाला किमान ८ लिटर बाहेरची हवा हवीच. त्याच मानकाचा उन्हाळ्याचा हिशेब बाहेर ३५, आत २७ अंश असा आहे. १८ नव्हे, बरं का!

बाल्कनीचं दार उघडलं की बऱ्याच क्रूझवर केबिनचं कूलिंग आपोआप थांबतं. त्या सेन्सरला चुंबक लावून फसवणारे महाभागही असतात. मग दमट वारा आत शिरतो, थंड भागांवर पाणी धरतं आणि सगळ्यांच्या वाट्याचं गार पाणी एकट्याच्या केबिनमधून अरबी समुद्र थंड करत बसतं.

भर समुद्रात वीज कमी पडली, तर शेजारून वायर ओढता येत नाही. जनरेटर जेवढी देईल, तेवढीच सगळ्यांची. तेव्हा वारा खायचाय? खुशाल खा. फक्त एसी बंद करून!