पुस्तकात नसलेली कीड

कृषी महाविद्यालयात कपाशीवरच्या किडींची यादी आम्ही तोंडपाठ केली होती. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, बोंडअळी. पुढे गावोगाव फिरायला लागलो तेव्हा कळले, की सगळ्यांत खादाड कीड त्या पुस्तकात नाहीच. ती उन्हाने मरत नाही, पावसाने वाहून जात नाही. दिल्ली-मुंबईत कागदावर अंडी घालते आणि ऐन हंगामात मालावर पडते. तिचे नाव सरकारी अधिसूचना.

ही कीड कोणत्याही झेंड्याखाली वाढते. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस विकायचा तो सरकारलाच. घरचा कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेला तर तो गुन्हा. पिकवणारा चोर आणि चुकारे थकवणारा मायबाप! १९९५ साली मुंबईतले सरकार बदलले. खुर्च्यांवरची माणसे नवी आली, एकाधिकार तसाच राहिला.

५ मार्च २०१२ रोजी दिल्लीने कापसाची निर्यात बंद केली. त्या वेळचे कृषिमंत्री आपल्याच महाराष्ट्राचे. आपल्याला विचारलेच नव्हते, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. ओरड झाली, तेव्हा बंदी मागे घेतली गेली. शेतीच्या घरात शेतीमंत्रीच पाहुणा, तिथे तुमची-आमची काय कथा?

पुढे दिल्लीतलेही सरकार बदलले. १९ ऑगस्ट २०२५ पासून, ऐन पोळ्याच्या दिवसांत, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. मुदत ३० सप्टेंबरची. आपली बोंडे फुटेपर्यंत दार लागेल, असे भोळ्यांना वाटले. महिना संपण्याआधीच मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे सीतादहीपासून पुढच्या वेचण्यांपर्यंत दार सताड उघडे. अमेरिकेने आपल्या कापडावर जबर कर लावला, गिरण्या अडचणीत आल्या, हे खरे. गिरणीवाल्याचे दुखणे आम्ही खोटे म्हणत नाही. पण त्यावरचे औषध दर वेळी पऱ्हाटीच्याच मुळातून का काढायचे?

त्याच हंगामासाठी हमीभाव जाहीर झाला होता. मध्यम धाग्याला ७,७१० रुपये, लांब धाग्याला ८,११०. खर्चाच्या दीडपट, असे ढोल वाजले. पण त्या खर्चात आपल्या मालकीच्या जमिनीचा खंड नाही, आपल्या भांडवलाचे व्याज नाही. जमीन फुकटची आणि पैसाही फुकटचा धरला की दीडपट सहज होते. ज्वारीवाल्यांनी हसू नये. संकरित ज्वारीचा ३,६९९ चा भावही याच मापाने मोजलेला.

मग २०१९ पासून खात्यात वर्षाला ६,००० रुपये पडू लागले. घ्यावेत, ते आपलेच आहेत. पण हिशेबही करावा. दहा क्विंटल कापूस विकणाऱ्याला क्विंटलमागे ६०० रुपये कमी मिळाले, की त्या सहा हजारांची फिटंफाट झाली. वीस क्विंटलवाला तर उलट सरकारलाच सहा हजार देऊन घरी आला. दिलेले जाहिरातीत दिसते, नेलेले काट्यावरही दिसत नाही.

तेव्हा निवडणुकीची गाडी गावात आली, की काय देणार हे विचारू नका. ते न विचारता सांगतातच. काय न्यायचे थांबवणार, ते विचारा. पेरणी झाल्यावर हंगाम संपेपर्यंत निर्यातबंदी नाही, आयातीला सूट नाही, एवढे लिहून देता काय? उत्तराऐवजी जो आपल्या शेतकरी बापाची आठवण काढील, त्याच्याकडे नीट पाहून ठेवा.

पाच-दहा टक्के बोंडे किडली, की फवारणीला लागा, असे आम्ही इतकी वर्षे शेतकऱ्यांना सांगत आलो. अकरा टक्के शुल्क एका कागदाने गेले, तेव्हा किती जण उठले? या किडीला पंप लागत नाही. शेजाऱ्याला सोबत घेऊन जिल्ह्याच्या बैठकीला येणारा माणूस लागतो.