औषधाच्या खिडकीमागचा माणूस

गेल्या वर्षी अब्बांना दोन डॉक्टरांनी रक्तदाबाचं एकच औषध, अ‍ॅम्लोडिपिन, दोन वेगळ्या नावांनी लिहून दिलं. चूक पकडली ती पुण्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीमागच्या फार्मासिस्टने. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोड पुढे जात नाही. मग डॉक्टरची चिठ्ठी कोण तपासतो?

देशात २००८ पासून सहा वर्षांची फार्म.डी. पदवी आहे, त्यातलं शेवटचं वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष कामाचं. तरी औषध विभागाचा प्रमुख म्हणजे साठा मोजणारा, असंच आपण धरून चालतो. या पदासाठी नुसती सेवाज्येष्ठता पुरेशी नाही. औषधशास्त्राची पदवी आणि वॉर्डातला अनुभव हवा. शिवाय डॉक्टरला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार हवा. अब्बांना तो माणूस भेटला. सगळ्यांना भेटेलच असं नाही.