टोपली विकायची तर तिचं विणकाम दाखवा

बोलणाऱ्याची एरंडीही विकते, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. कर्जत तालुक्यात कशेळे परिसरातल्या कारागिरांना हे नव्याने सांगायला नको. सुटीच्या दिवशी शहरातल्या गाड्या याच वाटेने कोथळीगडाला आणि खांडसमार्गे भीमाशंकरला जातात. टोपल्या-सुपं घेऊन बसलेल्या बाईपाशी एखादी थांबलीच, तर पहिला प्रश्न ठरलेला : ‘कमी कितीला देणार?’

गिऱ्हाईक वाईट नसतं. त्याला टोपली दिसते, मेहनत दिसत नाही. बांबू पारखून तोडायचा, चिरायचा, कामट्या तासायच्या, मग विणकाम आणि शेवटी काठ बांधायचा. हे सगळं पाच मिनिटांच्या चित्रफितीत दाखवता येतं. ते एकदा पाहिलेला माणूस घासाघीस करताना जरा कचरतो. म्हणून कारागिरांनी आणि बचत गटांनी धंद्याच्या जोडीला यूट्यूबवर आपले चॅनेल चालवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरण लांबचे नाही. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमनताई धामणे शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. नातवाच्या मदतीने त्यांनी ‘आपली आजी’ हे चॅनेल चालवले, गावाकडचा स्वयंपाक दाखवला आणि त्याच नावाने मसालेही विकले. पाहणाऱ्याने आजीचा हात आधी पाहिला, पुडी नंतर घेतली. धंद्यात यालाच पत म्हणतात.

मात्र जाहिरातीच्या पैशाची आशा आधीच धरू नका. नेहमीच्या चित्रफितींवर जाहिरातीतला वाटा हवा, तर १,००० वर्गणीदार आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहणी लागते. लहान वाडीला तिथवर पोचायला वेळ लागेल. आपले चॅनेल म्हणजे दुकानाची पाटी. पाटी पैसे देत नाही, गिऱ्हाईक आणते. ते पावसाळ्यातही पाहते, मुंबईतूनही पाहते आणि मधल्या दलालाला न विचारता फोन करते.

खरा धोका वेगळाच आहे. २०२० मध्ये ‘आपली आजी’ चॅनेल चोरट्यांनी बळकावले होते. काही दिवसांनी ते परत मिळाले. आपल्याकडे चोराचीही गरज पडणार नाही. खाते बाहेरच्या कुणाच्या नावावर, परवलीचा शब्द त्याच्या खिशात आणि फोन नंबरही त्याचाच, असे झाले की जुना दलाल गेला आणि नवा आला! खाते गटाच्या नावाने, परवलीचा शब्द गटातल्या दोघींकडे आणि कोणाचे चित्रीकरण करायचे ते त्या माणसाला विचारूनच, एवढे पहिल्या दिवशीच ठरवा. दाखवला तोच माल पाठवा. एक फसलेला गिऱ्हाईक दहांना सांगतो.

सरपंच-ग्रामसेवकांनीही हे पोरखेळ समजू नये. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपल्या-चटया विणणारे बसतात. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि विक्रीला साहाय्य अशी तरतूद तीत आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडेच असते. ते कागद अडकू नयेत आणि चित्रीकरण शिकवायला ग्रामपंचायतीची एक खोली दुपारी मोकळी मिळावी, एवढे केले तरी पुष्कळ झाले. घराघरात मोबाईल आहे, शिकलेली पोरं आहेत. हाताला कसब तर पिढ्यांचं आहे. आता ते लोकांना दिसू द्या.