संग्राहकाची संहिता

युद्धकालीन लष्करी रिव्हॉल्व्हर जमवणाऱ्यांकडे साहित्याच्या अभ्यासकाने नाक मुरडून पाहू नये, असे आमचे मत आहे. शस्त्राचे आकर्षण हा या छंदाचा एक भाग आहेच, आणि त्याविषयी वाटणारी अस्वस्थताही रास्त आहे. परंतु मुरलेला संग्राहक जे करतो ते शस्त्रपूजेपेक्षा पाठचिकित्सेच्या अधिक जवळचे असते.

उदाहरणार्थ, पहिल्या महायुद्धातील वेबली मार्क ६ घेऊ. बर्मिंगहॅमच्या वेबली अँड स्कॉट कंपनीचे हे सहा इंची नळीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १९१५ साली स्वीकारले. आपल्याला ही सारी एकसारखी दिसतील. संग्राहक मात्र त्यावरील शिक्के पोथीच्या समासांसारखे वाचतो. बाणाच्या आकाराची खूण असेल तर ते सरकारी मालकीचे. अधिकाऱ्याला आपले रिव्हॉल्व्हर बहुधा स्वतःच विकत घ्यावे लागे. तेव्हा ही खूण नसणे हाही एक पुरावा ठरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी पुष्कळ रिव्हॉल्व्हरे अमेरिकेत विकली गेली. तेथे .४५५ ची मूळ काडतुसे सहज मिळत नसत, म्हणून काडतुसांचे चक्र मागून तासून ती तिकडच्या .४५ काडतुसांजोगी केली गेली. अशा नगाला संग्राहक भ्रष्ट प्रत मानतो. आमच्या मते तो पाठभेद आहे. युद्धाचे हत्यार बाजाराचा माल कसे झाले, हे तोच सांगतो.

जोडसामानाची कथा आणखी बोलकी आहे. चामड्याचे होल्स्टर, झटापटीत हत्यार हातातून सुटू नये म्हणून गळ्यात अडकवायची दोरी, सहा काडतुसे एकदम भरणारे प्रिडो यांचे साधन, नळीला जोडायची प्रिचर्ड संगीन. ही संगीन सैन्याने अधिकृतपणे कधीच स्वीकारली नाही. त्यामुळे अस्सल नग थोडे आणि पुढे निघालेल्या नकला फार. अस्सल-नकलीचा निवाडा करताना संग्राहक जी चिकाटी दाखवतो, ती आमच्या संशोधनात क्वचित दिसते.

आमचा आक्षेप या वाचनाला नाही, मूल्यमापनाला आहे. बाजारात सर्वाधिक मान कोरेपणाला. मूळ झिलई शाबूत, चामड्याला चीर नाही, दोरीला डाग नाही. म्हणजे युद्धाची वस्तू म्हणून तिचे मोल वाढते ते युद्धाने तिला जितके कमी स्पर्शिले असेल तितके! त्यातच, सुटे सुटे विकून अधिक पैसे येतात म्हणून एकाच अधिकाऱ्याचे रिव्हॉल्व्हर, होल्स्टर आणि पत्रे तीन दिशांना जातात. मालकाचे नाव ज्या संदर्भामुळे कळत होते, तो संदर्भच मोडतो. पोथीची पाने सुटी करून विकणाऱ्याला आपण अभ्यासक म्हणत नाही. मग याला का म्हणावे?

हा प्रश्न ब्रिटनच्या कायद्यासमोरही आला. १९९६ साली डनब्लेन येथील शाळेत १६ मुले आणि त्यांची शिक्षिका गोळीबारात मारली गेली. त्यानंतरच्या १९९७ च्या कायद्यांनी खाजगी हातांतील बहुतेक पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे काढून घेतली. ऐतिहासिक शस्त्रांना मात्र काटेकोर अटींवर सवलत ठेवली. त्यातील एका प्रकारच्या सवलतीसाठी दुर्मिळता, सौंदर्यगुण, तांत्रिक वैशिष्ट्य किंवा ऐतिहासिक महत्त्व हे निकष दिले आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याने यातील ‘किंवा’कडे लक्ष द्यावे. सौंदर्य पुरेसे, इतिहास नसला तरी चालेल, अशी मुभा त्या एका अव्ययाने दिली आहे. आम्हांला तेथे ‘आणि’ हवा होता. ज्या वस्तूचे काम माणूस मारणे हे होते, तिचे केवळ देखणेपण हे तिला जपण्याचे कारण होऊ शकत नाही.

इतिहास म्हटला की या संग्रहात कोण नाही, हेही विचारावे लागते. रिव्हॉल्व्हर हे मुख्यतः अधिकाऱ्याचे हत्यार. शिपायाकडे बंदूक असे, तीही सरकारची. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कुत येथे शरण गेलेल्या फौजेत ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. त्या पलटणीतील शिपायाची खूण काचेच्या कपाटात सापडणे कठीण. त्या युद्धानंतर अनेक गावांत जे दगडी फलक लागले, त्यांवर बहुधा इतकेच लिहिलेले असते : गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. रिव्हॉल्व्हरचा क्रमांक धरून मालकापर्यंत पोहोचण्याची निदान शक्यता असते. फलकावरील आकड्यातून एकही नाव निघत नाही.

म्हणून संग्राहकाने आपल्या प्रत्येक नोंदीत वस्तूचे वर्णन संपल्यावर आणखी दोन ओळी लिहाव्यात : ही कोणाच्या हाती होती, आणि हिच्यासोबतचे काय हरवले आहे. आम्ही शिकवणाऱ्यांनीही वर्गात अशी एखादी नोंद विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावी. संहिता वाचणे म्हणजे तिच्यातील गाळलेल्या जागाही वाचणे, हे त्यातून व्याख्यानापेक्षा लवकर उमगेल.