अरुची की आहारविकृती?

पाळी थांबलेली, कृश झालेली किशोरी चिकित्सालयात आली की पुष्कळदा अग्निमांद्य समजून दीपन-पाचन दिले जाते. परंतु भूक असूनही वजनवाढीच्या भयाने अन्न टाळणे, हा व्याधी निराळा. चरकाचार्यांनी अरोचकाच्या हेतूंत शोक, भय, क्रोध गणले आहेत. सत्त्वावजयही सांगितला आहे. तो प्रत्यक्षात कसा करावा, याचे प्रशिक्षण मात्र आम्हां वैद्यांस क्वचितच मिळते.

नाडी अतिमंद असल्यास वा मूर्च्छा येत असल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. दीर्घ उपोषणानंतर एकदम भरपूर आहार दिल्यास रक्तातील फॉस्फेट घटून प्राणावर बेतते. मुद्दाम उलट्या करणाऱ्या मुलीस विरेचन देणे म्हणजे पोटॅशियमचा आणखी ऱ्हास. औषधविक्रेत्यांनीही किशोरवयीनांस रेचक चूर्णे वारंवार देऊ नयेत. संघटनेने मानसोपचारतज्ज्ञांच्या साहाय्याने प्रशिक्षणवर्ग घ्यावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.