आधी वजन, मग सुई

उकळत्या चहाने भाजलेल्या मुलाचे ड्रेसिंग बदलायचे, हाताचे हाड बसवायचे, कपाळावर टाके घालायचे, तर मूल स्थिर राहायला हवे. पालघर-बोईसरच्या कोणत्याही रुग्णालयात ही वेळ येते. त्यासाठी शिरेतून मिडॅझोलामसारखे गुंगीचे औषध देतात, आणि ते द्यायलाच हवे. चौघांनी हातपाय दाबून टाके घालणे क्रूर आहे. पण या औषधाचा हिशेब वजनावर चालतो आणि आपल्या जिल्ह्यात धोका नेमका तिथेच आहे.

घाईत वजनाचा अंदाज वयावरून बांधतात: वयात 4 मिळवायचे, दुप्पट करायची. तीन वर्षांचे मूल म्हणजे 14 किलो. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून आलेले कुपोषित मूल त्याच वयात 9 किलोचे असू शकते. किलोमागे 0.1 मिलिग्रॅम धरले तर द्यायचे 0.9 आणि जातात 1.4. शिवाय हे औषध रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून राहते. कुपोषित मुलात तेच कमी, म्हणून मेंदूवर काम करणारे मोकळे औषध जास्त उरते. वजनकाटा ओपीडीत आणि टाक्यांची खोली दुसऱ्या टोकाला, हे चालणार नाही. काटा खाटेशेजारीच हवा.

दुसरी चूक बाटलीची. मिलीला 1 मिलिग्रॅम आणि मिलीला 5 मिलिग्रॅम अशा दोन्ही तीव्रता बाजारात मिळतात. 0.9 मिली चुकून दुसरीतून ओढले की डोस पाचपट. मुलांसाठी एकच तीव्रता ठेवावी, सिरिंजवर मिलिग्रॅम लिहावेत, दुसऱ्या सिस्टरने आकडा मोठ्याने वाचावा. डोसनंतर दोन-तीन मिनिटे थांबावे. मूल अजून रडते म्हणून लगेच दुसरा दिला, तर दोन्हींचा परिणाम एकावर एक चढतो. हे चालू असताना एकाने फक्त श्वासाकडे पाहावे, मुलाच्या मापाची, हाताने श्वास देण्याची अंबू बॅग जवळ ठेवून.

अमेरिकेत चार्ल्स कोटे आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मुलांना गुंगी देताना घडलेल्या 95 दुर्घटनांचा अभ्यास मांडला. तीन किंवा अधिक गुंगीची औषधे एकत्र दिली तिथे परिणाम अधिक वाईट होते. काही दुर्घटना तर घरी जाताना गाडीत किंवा घरी पोहोचल्यावर घडल्या. तलासरीकडे परतणारी आई टमटममध्ये मूल मांडीवर घेते. गुंगीत मान पुढे पडली की श्वास कोंडतो. मूल पुरते जागे होऊन आईला ओळखेपर्यंत, मान स्वतः सावरेपर्यंत पल्स ऑक्सिमीटर काढू नये. तेवढ्यात शेवटची एसटी गेली, तर मायलेकरांना रात्रीपुरती खाट रुग्णालयाने द्यावी.